मनाचा आजार आणि जनाची नजर

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्णांची संख्या, शस्त्रक्रिया, डायलिसिस, मोतीबिंदू शिबिरे यांचे तक्ते दरवर्षी छापले जातात. हितचिंतकांनी दिलेल्या पैशाचा विनियोग कसा झाला हे त्यांवरून समजते. मनोविकार विभागाचे आकडेही त्यांत असतात. परंतु या विभागाच्या कामाचे स्वरूप आकड्यांतून पुरेसे उमगत नाही. हाड मोडलेला रुग्ण एकाच गोष्टीशी झुंजत असतो. मनाच्या आजाराचा रुग्ण दोन गोष्टींशी झुंजतो. एक त्याचा आजार आणि दुसरी त्या आजाराकडे पाहणारी लोकांची नजर. आजारावर औषधे आहेत, समुपदेशन आहे. नजरेवरचा उपाय मात्र औषधालयात मिळत नाही. तो घरात, शेजारात, कामाच्या ठिकाणी आणि लग्नाच्या बैठकीत शोधावा लागतो. म्हणून या वर्षीच्या अहवालात आम्ही हा विषय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

उशिराची किंमत

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केंद्र सरकारसाठी बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरीही निष्कर्ष आपल्याला विचार करायला लावणारे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत आढळले. मनोविकारतज्ज्ञांची उणीव, प्रवासाचे अंतर आणि खर्च ही त्याची कारणे आहेतच. परंतु जेथे तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहे, तेथेही रुग्ण वेळेवर पोहोचत नाही. तेथे आडवे येते ते 'लोक काय म्हणतील' हे तीन शब्दांचे वाक्य.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या कुटुंबांची वाट बहुधा सारखी असते. मुलगा एकलकोंडा झाला, रात्र रात्र जागू लागला, आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे असे म्हणू लागला. प्रथम 'अभ्यासाचा ताण' म्हणून काही महिने जातात. मग पत्रिका दाखवली जाते, देवऋषी होतो, अंगारा-धुपारा होतो. नंतर कोणीतरी 'नसांच्या डॉक्टरां'चे नाव सुचवते, कारण 'मनाचे डॉक्टर' हा शब्द उच्चारणे जड जाते. तेथून पुढे मनोविकारतज्ज्ञांचा पत्ता मिळाला तरी आपल्या गावातल्या दवाखान्यात कोणी ओळखीचे भेटेल या भीतीने परगावचा दवाखाना गाठला जातो. दरमहा तेवढा प्रवास परवडत नाही आणि उपचार तुटतो.

यात गेलेला काळ परत मिळत नाही. स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा ऐन तारुण्यात, शिक्षण आणि नोकरी यांच्या उंबरठ्यावर सुरू होतो. पहिली लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितके पुढचे बरे होणे अवघड होते, ही गोष्ट आज वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. म्हणजे लोकांची नजर केवळ मन दुखावते असे नाही. ती आजारच वाढवते.

नजर कोठे कोठे आडवी येते

आरंभ भाषेपासून होतो. मराठीत 'वेड' हा शब्द मोठा गोड आहे. गाण्याचे वेड, वाचनाचे वेड, पंढरीचे वेड आपण कौतुकाने सांगतो. पण तोच शब्द आजारी माणसाला चिकटला की त्याचा शिक्का होतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. असंख्य रुग्णांना तेथे उपचार मिळाले. परंतु 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्यात जागा आहे का पाहा' ही थट्टा आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की, ज्या घरातला माणूस खरोखरच तेथे उपचार घेत आहे त्या घरावर काय परिणाम होतो याचा विचार बोलणाऱ्याच्या मनात येत नाही.

दुसरे स्थान घराचे. आजारी माणसाला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवणे, समारंभाला न नेणे, पैशाच्या व्यवहारात न विचारणे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलणे, हे कोणी दुष्टाव्याने करीत नाही. बहुतेकदा ते त्याला जपण्यासाठी केले जाते. परंतु काही वर्षांनी आजार आटोक्यात येतो आणि घरातली त्याची जागा मात्र परत मिळत नाही. औषधांच्या पट्ट्यांवरील नावे खरवडून गोळ्या दुसऱ्याच बाटलीत भरून ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. यातून प्रत्यक्ष धोका संभवतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला जुलाब-उलट्या झाल्या, किंवा काही वेदनाशामक गोळ्या दिल्या गेल्या, तर रक्तातील लिथियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. नेहमीच्या डॉक्टरांपासून हे औषध लपवणे म्हणूनच जिवावर बेतू शकते.

तिसरे स्थान विवाहाचे, आणि येथे आपल्या समाजात सर्वाधिक अश्रू सांडतात. एका बाजूला 'लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल' हा सल्ला असतो. दुसऱ्या बाजूला, आजार कळला तर धाकट्या बहिणीचेही जमणार नाही ही धास्ती असते. विवाह हा कोणत्याही मनोविकारावरील उपचार नाही. नवे घर, जागरणे आणि औषधे लपवण्याची धडपड यांमुळे आजार उलट उफाळण्याचा संभव असतो. लपवून केलेले लग्न फसवणुकीच्या आरोपापर्यंत जाते, आणि त्याची सर्वांत मोठी शिक्षा रुग्णालाच, त्यातही ती स्त्री असल्यास अधिक, भोगावी लागते. आमचा सल्ला असा असतो की, आजार स्थिर होऊ द्यावा, समोरच्या कुटुंबाला खरे सांगावे, आणि हवे असल्यास दोन्ही कुटुंबांनी एकत्र डॉक्टरांना भेटावे. खरे सांगून जमलेली आणि टिकलेली लग्ने आमच्या पाहण्यात आहेत.

चौथे स्थान नोकरीचे. मधुमेहाचे इंजेक्शन टेबलावर ठेवून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची चौकशी होते. नैराश्याची गोळी घेणाऱ्याविषयी कुजबुज होते. परिणामी तो गोळी घेणे सोडतो, आजार उलटतो, आणि 'याच्यावर विसंबता येत नाही' हा समज खरा ठरल्यासारखा वाटतो.

पाचवे स्थान खुद्द रुग्णालयाचे, आणि ते येथे सांगितलेच पाहिजे. मनोविकाराचा इतिहास असलेला रुग्ण छातीत दुखते म्हणाला, तर 'मनाचेच असेल' असे म्हणण्याचा मोह जगभरच्या वैद्यकीय व्यवसायाला पडत आला आहे. गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मृत्यू पावतात, आणि त्यांतील बरेचसे मृत्यू हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यास्तव मनोविकार विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच, इतर विभागांच्या शेजारी असणे अगत्याचे आहे. एकाच खिडकीवर केसपेपर काढून, एकाच बाकावर बसून रुग्ण आपल्या पाळीची वाट पाहतो, तेव्हा निम्मा संकोच तेथेच गळून पडतो.

समज आणि वस्तुस्थिती

रुग्णांचे नातेवाईक आम्हाला जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची थोडक्यात उत्तरे येथे देत आहोत.

हा आजार बरा होतो का? नैराश्य आणि चिंताविकार यांचे बहुसंख्य रुग्ण योग्य उपचारांनी सुधारतात. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीतही तिघांपैकी किमान एक जण पूर्णपणे बरा होऊ शकतो. इतर अनेकांना मधुमेह वा रक्तदाब यांप्रमाणे औषधे दीर्घकाळ घेऊन कामधंदा आणि संसार करता येतो.

औषधांची सवय लागते का? नैराश्यावरील आणि स्किझोफ्रेनियावरील औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र ती एकाएकी बंद केल्यास त्रास होतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते. त्या चिठ्ठीविना घेऊ नयेत.

रुग्ण हिंसक असतात का? बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. किंबहुना ते इतरांच्या मारहाणीला, फसवणुकीला आणि लुबाडणुकीला बळी पडण्याची शक्यता अधिक असते.

आजार आनुवंशिक आहे का? काही अंशी. आई किंवा वडील यांपैकी एकास स्किझोफ्रेनिया असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के मानली जाते. याचाच अर्थ, अशा शंभर मुलांपैकी सुमारे नव्वद जणांना तो होत नाही. संपूर्ण घराण्यावर फुली मारण्याला शास्त्राचा आधार नाही.

आमच्या संगोपनात काही चुकले का? हा प्रश्न बहुधा आई विचारते, आणि दाराकडे पाहत हलक्या आवाजात विचारते. मेंदूतील रासायनिक बदल, आनुवंशिकता आणि आयुष्यातील ताण यांच्या मिश्रणातून हे आजार उद्भवतात. मातेच्या माथी दोष मारण्याचे कारण नाही.

कायद्याने काय दिले

आपल्या देशात १९१२ सालचा कायदा 'वेड्यां'साठी होता. त्याच्या नावातच तो शब्द होता. त्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घेतली. पुढे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने मृत्युमुखी पडले. माणसाला आजारासाठी बांधून ठेवण्याची परिणती काय होते, हे त्या दिवशी देशाने पाहिले.

आज लागू असलेला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला व २९ मे २०१८ पासून अमलात आला. रुग्णांच्या कुटुंबीयांनी त्यातील काही तरतुदी अवश्य माहीत करून घ्याव्यात. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. मनाच्या आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे, मग ती तातडीची सेवा असो वा रुग्णवाहिका. आरोग्य विम्यातही भेद करता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवले आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत व कोणते नकोत हे बरे असताना लिहून ठेवण्याचा, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आहे. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून कोणालाही आज मनोरुग्ण ठरवता येत नाही.

आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे हाच कायदा गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकतो. जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. ही गोष्ट घरोघरी पोहोचणे निकडीचे आहे. 'फवारणी करताना चुकून पोटात गेले' असे पोलिसांच्या भीतीने सांगितले गेले, तर विषावर उपचार होतात. ज्या दुःखापायी ते घेतले गेले त्यावर होत नाहीत, आणि रुग्ण तेच दुःख घेऊन घरी परततो.

विवाहासंबंधीही लक्षात ठेवावे की, केवळ 'स्किझोफ्रेनिया' असे निदान लिहिलेला कागद घटस्फोटास पुरेसा नाही. आजाराचे स्वरूप व तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा आहे. हा कायदा श्रद्धेच्या आड येत नाही. देवदर्शनाला जाणाऱ्या रुग्णाला आम्ही कधी अडवत नाही. गोळ्या सोबत घेऊन जा, एवढेच सांगतो.

नजर बदलते कशी

भित्तिपत्रके आणि भाषणे यांनी माहिती वाढते. नजर मात्र माणसाला माणूस भेटल्याने बदलते. कलंक व भेदभाव या विषयावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरात हाच निष्कर्ष मांडला. आजारातून गेलेल्या व्यक्तींशी समोरासमोर संपर्क आणि त्यांनी स्वतः सांगितलेला अनुभव, हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

याचे दाखले आपल्या भूमीतही आहेत. विदर्भात 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. अमरावती जिल्ह्यातील खेड्यांत गावचेच कार्यकर्ते छोट्या बैठका घेत, घरोघरी जात, नैराश्याविषयी साध्या भाषेत बोलत, आणि गरजेप्रमाणे समुपदेशक वा डॉक्टरांकडे रुग्णांना पोहोचवत. अठरा महिन्यांत, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मदत आवाक्यात आली आणि विषय उघडपणे बोलला गेला, की माणसे येतात.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट याच प्रेरणेतून निघाला. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेल्या शेषमुळे अनेक घरांना आपल्या माणसाचे वागणे प्रथमच आजार म्हणून ओळखू आले. नैराश्यावरील त्यांच्याच 'कासव'ला २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ लाभले. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या घरी पोहोचवण्याच्या कामासाठी. स्वमदत गटांनी तर आपल्या भाषेला दोन सुंदर शब्द दिले. रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. अशा गटाच्या बैठकीत एका शुभंकराचे बोलणे ऐकून दुसरा मान डोलावतो, तेव्हा वर्षानुवर्षांचे एकटेपण हलके होते.

आपण काय करू शकतो

कुटुंबीयांनी उपचारांत खंड पडू देऊ नये, आणि बरे वाटू लागले की आपल्या माणसाला घरातले एखादे काम, एखादा निर्णय सोपवावा. विजेचे बिल भरणे असो वा भाजी आणणे असो. विश्वास टाकल्याशिवाय आत्मविश्वास येत नाही. सांभाळणाऱ्यानेही स्वतःची झोप व तब्येत जपावी. नात्यागोत्यांतील व शेजारच्या मंडळींनी एवढेच करावे की, लग्नाची पत्रिका त्या घरी देताना आजारी व्यक्तीचेही नाव घ्यावे, 'बरा आहेस ना?' असे थेट तिलाच विचारावे. रुग्णालयातून परतलेल्या हृदयरुग्णाला आपण भेटायला जातो, येथेही जावे.

आमच्या देणगीदारांपैकी अनेकांची दुकाने, कारखाने, छापखाने, शाळा आहेत. त्यांना आमची आग्रहाची विनंती आहे. देणगीइतकेच मोल एका नोकरीचे आहे. स्थिर झालेल्या एखाद्या शुभार्थीला अर्धवेळ का होईना, पण खरे काम आणि खरा पगार द्यावा. महिन्यातून एकदा तपासणीसाठी रजा आणि रात्रपाळीतून सूट, एवढ्या सवलती बहुधा पुरतात. आर्थिक साहाय्य करू इच्छिणाऱ्यांनी ते गरीब रुग्णांची नियमित औषधे आणि फेरतपासणीचा प्रवासखर्च यांसाठी द्यावे; कारण एका महिन्याच्या गोळ्या चुकल्याने पुन्हा दाखल व्हावे लागते, तेव्हा त्या घराचा वर्षभराचा सावरलेला संसार विस्कटतो.

तातडीच्या प्रसंगी रुग्णालयापर्यंत येणे शक्य नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.

मनोविकार विभागातून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हातात आम्ही औषधांची चिठ्ठी आणि पुढच्या तारखेचा कागद देतो. त्याची घरातील, आळीतील व कामावरील जागा त्याला परत देणे आमच्या हाती नाही. ते आपणा सर्वांच्या हाती आहे. आजवर आपण या रुग्णालयाला मुक्तहस्ते दिले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. या वर्षी धनाबरोबर हेही द्यावे, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.